बोलका पक्षी गप्प होतो तेव्हा

न्यूयॉर्क म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उंचच उंच इमारती उभ्या राहतात. पण न्यूयॉर्क हे जसे शहराचे नाव आहे तसेच एका मोठ्या राज्याचेही आहे. शहरातून निघून मोटारीने दोन-तीन तास उत्तरेकडे गेले की कॅट्सकिल नावाचे डोंगर लागतात. ओक, मेपल, बीच आणि हेमलॉक या झाडांचे तेथे दाट रान आहे. मे महिन्याचा पहिला आठवडा चालू आहे असे समजा. आपल्याकडे या दिवसांत अंगाची लाही होत असते. तेथे मात्र पहाटे गवतावरचे दव गोठलेले आहे आणि पारा शून्यापाशी घुटमळतो आहे. झाडांना नुकती कोठे पालवी फुटू लागली आहे. एका जाड बुंध्याला पाठ टेकून एक शिकारी अंधारात बसला आहे. त्याची बंदूक मांडीवर आहे, पण या घटकेला तिचा काही उपयोग नाही. तो नुसता ऐकतो आहे.

तो वाट पाहतो आहे रानटर्कीच्या नराची. मोराच्या आणि कोंबडीच्या कुळातला हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. नराचे वजन सात-आठ किलोपासून दहा किलोपर्यंत भरते. डोके आणि मान उघडी, पिसे नसलेली. चोचीच्या मुळाशी एक मांसल शेंडी लोंबते आणि छातीवर राठ केसांसारखी पिसांची 'दाढी' असते. पक्षी चेतवला गेला की डोक्याचा रंग क्षणात लाल, पांढरा, निळा असा बदलतो. या रंगबदलाने जहांगीर बादशहासुद्धा चकित झाला होता. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून पोर्तुगिजांकडील काही अपूर्व वस्तू व प्राणी आणले, त्यांत एक टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याची तुलना सरड्याशी केली आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अर्थात तो पक्षी पाळीव होता. आपला शिकारी ज्याच्यासाठी कुडकुडत बसला आहे तो पक्का रानातला, आणि त्याची नजर शिकाऱ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे.

वसंतात पहाटे हा नर रात्रीच्या थाऱ्यावरून, म्हणजे उंच झाडाच्या फांदीवरूनच, 'गॉबल-गॉबल' असा खणखणीत आवाज काढतो. शांत हवेत तो दीड किलोमीटरवरूनही ऐकू येतो. तो ऐकून माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी नेमके याच्या उलट घडवू पाहतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावे म्हणून खटपट करतो. निसर्गाची रीत उलटी फिरवायची असल्यामुळे हे काम चांगल्या हवेतही कठीणच. आणि हवा बिघडली, थंडीची लाट आली, पाऊस लागला किंवा वारा सुटला, म्हणजे पहिली अडचण अशी की तो बोलका पक्षी गप्पच बसतो.

मग शिकारी काय म्हणतो? 'थंडी परत आली, वसंत मागे हटला, आता पक्ष्याला इच्छाच उरली नसेल.' आणि तो घरी जातो. हा तर्क बरोबर आहे का?

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. १९२४ च्या शरद ऋतूत कॅनडातील एडमंटन येथे प्राध्यापक विल्यम रोवन यांनी जंको नावाचे चिमुकले पक्षी पकडले. हे पक्षी एरवी हिवाळ्यात दक्षिणेकडे निघून जातात. रोवन यांनी ते उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावून ते रोज संध्याकाळचा उजेड थोडा थोडा वाढवीत गेले. बाकीच्या पिंजऱ्यांत दिवे नव्हते. एडमंटनचा हिवाळा म्हणजे काय हे तुम्ही नकाशात त्या शहराचे अक्षांश पाहून ताडू शकाल. पारा शून्याच्या खूप खाली गेलेला असतानाही दिव्यांच्या उजेडातील पक्ष्यांच्या जननग्रंथी वसंतात वाढाव्यात तशा वाढल्या! दिवे नसलेल्या पक्ष्यांच्या ग्रंथी मात्र लहानच राहिल्या. म्हणजे पक्ष्याच्या अंगातले घड्याळ मुख्यतः दिनमानावर चालते, थंडी-उष्णतेवर नव्हे. वाढता प्रकाश मेंदूच्या आतील भागातल्या प्रकाशग्राही पेशींना जाणवतो, तेथून पीयूषिका ग्रंथीला इशारा जातो आणि ती संप्रेरके सोडू लागते. हवेमुळे काही दिवस मागेपुढे होतात, एवढेच.

तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बर्फ जरी भुरभुरला तरी टर्कीच्या नराच्या दृष्टीने वसंत आहे तेथेच आहे. मग तो बोलत का नाही?

जरा त्याच्या जागी बसून पाहा. मोठ्याने ओरडणे म्हणजे माद्यांबरोबर कोयोटीला आणि रानमांजराला आपला पत्ता सांगणे. हा धोका तो पत्करतो तो डोळ्यांच्या आणि कानांच्या भरवशावर, कारण त्याला वासाचे ज्ञान फारसे नसते. आता रानात वारा घुसला की प्रत्येक फांदी हलते, आणि हलणाऱ्या हजार गोष्टींतून दबा धरून येणारा शत्रू वेगळा ओळखता येत नाही. पाऊस असला तर पानापानांवरून टपटप चालू असते आणि ओल्या पाचोळ्यावर पावलाचा आवाज होत नाही. डोळे निम्मे गेले, कान निम्मे गेले. अशा वेळी गप्प बसणे हेच शहाणपणाचे, असे समजायला हरकत नाही.

शिवाय एक गोष्ट शिकारी विसरतो. कधी कधी पक्षी बोलत असतो, पण आवाज पोहोचत नाही. येथे थोडे भौतिकशास्त्र पाहू या. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. म्हणजे खाली ध्वनी हळू चालतो, वर जलद. कवायतीच्या वेळी रांगेचे एक टोक हळू चालू लागले तर सारी रांग त्या बाजूला वळते, हे तुम्ही शाळेच्या मैदानावर पाहिले असेल. तसाच ध्वनी खाली, जमिनीकडे वळतो आणि दूरवर ऐकू येतो. थंड पण स्तब्ध पहाट म्हणूनच ऐकण्याला उत्तम. दिवस वर येऊन जमीन तापली की क्रम उलटतो, ध्वनी वर वळून निघून जातो. आगगाडीची शिट्टी पहाटे जवळ आल्यासारखी वाटते आणि दुपारी तीच विरते, ती यामुळेच.

वाऱ्याचीही अशीच गंमत आहे. जमिनीलगत वारा मंद आणि उंचावर जोरदार असतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वळतो, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा वर वळून कानांवरून निघून जातो. आता समजा, वारा पक्ष्याकडून शिकाऱ्याकडे वाहतो आहे. शिकाऱ्याला पक्षी स्पष्ट ऐकू येईल. पण शिकाऱ्याने काढलेला मादीचा आवाज वाऱ्याविरुद्ध जाणार, तो पक्ष्याला ऐकू येईलच असे नाही! 'पक्षी बोलतो पण ऐकत नाही' असे म्हणून शिकारी त्याला हट्टी ठरवतो. हट्टी पक्षी नव्हे, हवा आहे.

म्हणून अनुभवी शिकारी खराब हवेत कानांवर विसंबत नाही. पक्ष्याला आज काय हवे आहे, असे तो विचारतो. पाऊस लागला की टर्की बहुधा रान सोडून मोकळ्या कुरणात किंवा कापणी झालेल्या शेतात येतात, कारण तेथे टपटप नसते आणि चारही बाजूंना दूरवर दिसते. जोराचा वारा असला तर ते डोंगराच्या आडोशाच्या बाजूला, खोलगट जागी उतरतात. कडाक्याच्या पहाटे ते फांदीवरून उशिरा उतरतात, पिसे फुगवून हवेचा थर अंगाभोवती कोंडून बसतात. आणि उतरल्यावर आधी पोटाची सोय पाहतात. दाट धुक्यातही खालचे नीट दिसेपर्यंत ते झाड सोडीत नाहीत. सर थांबून ऊन पडले की मात्र पक्षी उघड्यावर येऊन पंख वाळवतात आणि नराला पुन्हा कंठ फुटतो. एक चमत्कारिक गोष्ट अशी, की गडगडाट झाला तर गप्प बसलेला नरही एकदम 'गॉबल' करून उत्तर देतो. घुबडाच्या घुत्काराला किंवा मोटारीचे दार आपटल्यालाही तो असाच उत्तर देतो. शिकाऱ्याने मात्र गडगडाट ऐकू आला की पक्ष्याचा ठावठिकाणा शोधत न बसता उंच झाडाखालून निघावे हे बरे.

पावसात शिकाऱ्याचे हत्यारही दगा देते. बंदूक नव्हे, आवाज काढण्याची पेटी! ही पातळ लाकडाची लांबट पेटी असते आणि वर झाकणासारखी एक फळी. झाकणाला खडू चोळून ते पेटीच्या कडेवर घासले की मादीचा हुबेहूब आवाज निघतो. अशा पेटीचे पेटंट हेन्री गिब्सन या अमेरिकन गृहस्थाने १८९७ मध्ये घेतले होते. घासणारा पृष्ठभाग क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. त्या धक्क्यांनी लाकूड कंप पावते. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती याचसाठी. पेटी भिजली की घर्षण बिघडते आणि आवाज बसतो. म्हणून पावसात पेटी पिशवीत राहते आणि शिकारी तोंडात धरायची पातळ पडदी वापरतो. ती मुळातच ओली असते, तिला पावसाचे भय नाही.

आणि शिकाऱ्याचे स्वतःचे काय? टर्कीला जरासुद्धा हालचाल दिसली तर तो पसार होतो. बंदुकीचे छरे नेमके लागायला तो चाळीस मीटरच्या आत यावा लागतो, म्हणून तास-तास निश्चल बसणे आले. पण स्नायू हलले नाहीत तर शरीरात उष्णता निर्माण होत नाही. त्यातून कपडे भिजलेले. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. ओल्या सुती कपड्यांतून अंगाची ऊब भराभर निघून जाते आणि माणसाला कापरे भरते. कापरे म्हणजे स्नायूंनी उष्णतेसाठी केलेली आपोआप हालचाल. नेमकी तीच पक्ष्याला दिसते! बरे, कापरे दाबून बसून राहिले तर शरीराचे तापमान घसरून जिवावर बेतू शकते. पाच-सहा अंशांच्या पावसातही असे होते, बर्फच पडायला हवे असे नाही. म्हणून लोकरीचे कपडे, बसायला जाड आसन आणि वेळेवर उठून जाण्याची अक्कल, या तिन्हींची गरज असते.

धुक्यात आणखी एक धोका. झुडपामागून येणारा मादीचा आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. नुसत्या आवाजावर किंवा हालचालीवर गोळी झाडायची नाही, दाढीसकट सारा पक्षी दिसला पाहिजे, असा दंडक आहे. लाल, पांढरा किंवा निळा रंग अंगावर घालू नये असेही बजावतात. का ते तुम्हाला जहांगीरच्या टर्कीवरून कळेल.

न्यूयॉर्क राज्यात वसंतातील शिकार १ ते ३१ मे एवढीच, आणि तीही सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच चालते. फक्त दाढी असलेला पक्षी मारता येतो. या सुमारास बऱ्याचशा माद्यांचे मीलन होऊन गेलेले असते आणि त्या जमिनीवरच्या घरट्यात दहा-बारा अंडी घालण्यात किंवा ती उबवण्यात गुंतलेल्या असतात. दुपारनंतर रानात माणसांचा वावर कमी राहावा, माद्यांना त्रास होऊ नये, हा वेळेच्या बंधनामागचा एक हेतू.

खराब हवेची खरी किंमत या माद्याच मोजतात. अंडी उबवायला सुमारे अठ्ठावीस दिवस लागतात. भिजलेल्या मादीच्या अंगाला अधिक वास येतो आणि त्या वासावर शिकारी जनावरे घरटे हुडकून काढतात, असा संशोधकांचा कयास आहे. पावसाळी दिवसांनंतर घरटी अधिक लुटली जातात असे काही अभ्यासांत दिसून आले, त्यावरून तो बांधला गेला. अंड्यांतून पिल्ले बाहेर आली तरी संकट टळत नाही. त्यांच्या अंगावर नुसती लव असते, स्वतःच्या शरीराचे तापमान त्यांना सांभाळता येत नाही. सुमारे दोन आठवडे त्यांना उडून झाडावर बसता येत नाही, म्हणून रात्री ती जमिनीवर आईच्या पंखाखाली झोपतात. या पंधरवड्यात थंड पाऊस लागून राहिला तर भिजलेली पिल्ले गारठून मरतात. पिल्लांना किडे लागतात, आणि गार पावसात किडेही मिळत नाहीत.

जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे १८४० नंतरच्या काही वर्षांतच न्यूयॉर्क राज्यातून रानटर्की नाहीसे झाले होते. १९४८ च्या सुमारास शेजारच्या पेन्सिल्व्हेनियातून काही पक्षी सीमा ओलांडून आपणहून आले. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहण्याचे प्रयत्न बहुतेक ठिकाणी फसले होते. आईने रान शिकवलेले नसेल तर ते पक्षी जगत नसत. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात तोफेसारख्या नळ्यांनी जाळे उडवून रानातलेच पक्षी पकडण्याची युक्ती साधली. मग असे पक्षी नव्या रानांत नेऊन सोडणे शक्य झाले. यासाठी लागलेल्या पैशाचा बराच भाग बंदुका व काडतुसांवरील कराचा होता, त्याचा कायदा १९३७ चा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वेगळी वाट धरली, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. आज अलास्का सोडून अमेरिकेच्या सर्व राज्यांत हा पक्षी आहे.

टर्कीचा नर एक वर्षाचा असताना फारसा ओरडत नाही. दोन वर्षांचे नर सर्वांत अधिक बोलके असतात. त्यामुळे एखाद्या वर्षी जूनमध्ये थंड पावसाची झड लागली तर पुढच्या मे महिन्यात शिकाऱ्याला विशेष फरक जाणवत नाही. त्याच्यापुढच्या मे महिन्यात, हवा स्वच्छ आणि स्तब्ध असताना, तो त्याच बुंध्याला टेकून बसतो, कान देतो, आणि समोरच्या डोंगरावरून एकही आवाज येत नाही.