नव्या टाइल्सआधी जुन्या भिंतीचं काय? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्यांमध्ये बाथरूमचं काम निघालं की पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. रंग, नक्षी, आकार यांवर घरात दिवसचे दिवस चर्चा चालते. भिंतीचा निर्णय मात्र मिस्त्रीवर सोडून दिला जातो. मग वर्षभरात टाइल पोकळ वाजू लागते, खालच्या घराच्या छताला ओल येते आणि दोष टाइलच्या माथी बसतो. खरं दुखणं बहुतेक वेळा तिच्या मागे असतं.

गैरसमज 1 : टाइल लावली की भिंतीत पाणी मुरत नाही.

वस्तुस्थिती : टाइलच्या चकाकीतून पाणी जात नाही, पण सांध्यांतून जातं. सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं. एपॉक्सी ग्राउट फारच कमी शोषतं, तरी भिंतींच्या कोपऱ्यांत बारीक तडा गेला की तिथून वाट मिळतेच. पाणी अडवण्याचं काम टाइलच्या मागच्या वॉटरप्रूफिंगचं आहे. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात आधी सिमेंटचा गोलसर वाटा मारायचा, त्यावर फायबरची जाळी बसवायची आणि मग सिमेंट-पॉलिमरचे दोन हात द्यायचे, दुसरा हात पहिल्याला आडवा. शॉवरच्या भिंतीवर हा थर शॉवरच्या उंचीपर्यंत हवा, बाकीच्या भिंतींवर निदान फूटभर. थर वाळल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. ही चाचणी टाइल बसवण्याआधी झाली तरच तिचा उपयोग.

गैरसमज 2 : जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स सरसकट चिकटवता येतात.

वस्तुस्थिती : कधी येतात, कधी नाही. प्रत्येक जुनी टाइल हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. भरीव आवाज येत असेल, भिंत ओळंब्यात असेल आणि ओल कुठेच नसेल, तर जुन्या थरावर काम होऊ शकतं. त्यासाठी साबणाचा आणि तेलाचा थर पूर्ण काढावा लागतो, चकाकी ग्राइंडरने खरवडावी लागते किंवा गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा प्रायमर लावावा लागतो. साधी सिमेंटची रबडी तिथे धरणार नाही. शिवाय नऊ मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास भरते. हा सगळा भार जुन्या टाइलच्या पकडीवर येतो. भिंत पुढे आल्यामुळे कन्सील्ड नळांचे व्हॉल्व्ह आत जातात, तेही आधीच बघावं लागतं. ओल असेल तर मात्र जुनं सगळं काढण्याला पर्याय नाही. ओल झाकली म्हणून थांबत नाही.

गैरसमज 3 : टाइल्स निघाल्या, प्लास्टर दिसतंय, म्हणजे भिंत तयार.

वस्तुस्थिती : जुन्या बाथरूममध्ये टाइल्स अनेकदा तीन-चार फुटांपर्यंतच असायच्या, वर ऑइलपेंट. आता टाइल छतापर्यंत न्यायची तर तो रंग खरवडून काढायला हवा. भिंतीवर पाणी शिंपडा. ते थेंब होऊन ओघळलं, तर रंग अजून शिल्लक आहे. खिळ्याने ओरखडा काढून बघा. प्लास्टर वाळूसारखं झडलं, तर विटेपर्यंत काढा. पांढरी पूड, म्हणजे लोणा दिसला, तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करा, मग कोरड्या ब्रशने क्षार झाडा. पीओपीने बुजवलेली जागा तशीच ठेवू नका. ओलाव्यात ती मऊ पडते आणि सिमेंटशी तिचं जमत नाही. घट्ट पण गुळगुळीत प्लास्टरला टाचे मारून ते खडबडीत करा. मोठ्या टाइल्ससाठी दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी. भिंत वाकडी असेल तर ती प्लास्टरने सरळ करायची, चिकटवण्याच्या मसाल्याने नव्हे.

गैरसमज 4 : नवं प्लास्टर वरून वाळलं की टाइल लावता येते.

वस्तुस्थिती : सिमेंटला आधी पाणी हवं आणि मग वेळ. निदान सात दिवस पाणी मारायचं, त्यानंतर भिंत नीट वाळू द्यायची. वाळताना प्लास्टर आकसतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ही ओढ सर्वांत जास्त असते. म्हणूनच चार आठवडे थांबण्याचा प्रघात आहे. इतकी सवड नसेल तर लवकर तयार होणारा पॉलिमरयुक्त मसाला वापरा आणि त्याच्या पिशवीवर लिहिलेला कालावधी पाळा.

गैरसमज 5 : सिमेंट जितकं जास्त, तितकी टाइल घट्ट.

वस्तुस्थिती : भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर बसवण्याची पद्धत चालत आली. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही शोषत नाही. सिमेंटला तिच्यात शिरायला जागाच नसते. तिला टाइल अॅडेसिव्ह लागतं. त्याच्या पिशवीवर आयएस 15477 हे मानक आणि प्रकार छापलेला असतो. टाइल आणि भिंत बघून प्रकार निवडा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून टाइल दाबली की मागे पोकळी राहते, तिथे पाणी साठतं आणि धक्का लागला की टाइल फुटते. दातेरी थापीने पूर्ण भिंतीवर मसाला पसरवायला सांगा. दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवा आणि भिंतींच्या कोपऱ्यांत ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा.

कामाचा दर ठरवताना या गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहून घ्या: तोडफोड, पाइपांची दाबचाचणी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंगचे हात, पाणी साठवण्याची चाचणी आणि या प्रत्येकाला लागणारे दिवस. तोडफोडीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना कायमची इजा करते. म्हणून पाणी मारून काम करणं आणि कामगारांना चांगले मास्क देणं हेही त्याच कागदावर हवं. जे कागदावर नसतं, ते घाईत सर्वांत आधी गळतं आणि त्याची किंमत आपल्याबरोबर खालच्या शेजाऱ्यालाही मोजावी लागते.