पुण्यात खोली शोधताना

कॉट बेसिस : भाडे खोलीचे नव्हे, एका पलंगाचे. खोलीत तिघे-चौघे, कपाट बहुधा सामायिक. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्या-इमारतींत स्पर्धा परीक्षावाल्यांची हीच प्रमुख सोय. जेवण बाहेरच्या मेसमध्ये.

पेइंग गेस्ट : घरमालकाच्या घरात किंवा स्वतंत्र इमारतीत राहणे. जेवण, वाय-फाय, धुलाई भाड्यात धरलेली असेलच असे नाही.

फ्लॅट : काही मित्रांनी मिळून घेतलेला. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, मुदत सहसा 11 महिने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे (11 महिन्यांना नोंदणी लागत नाही, हा समज सर्रास आढळतो). भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे वेगळे.

वसतिगृह : महाविद्यालयाचे, समाजकल्याण विभागाचे किंवा संस्थेचे. अशीच एक संस्था विद्यार्थी सहाय्यक समिती; ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ती अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये सुरू केली.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास व निर्वाहाची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.