पुन्हा सुरू केलेले लिथियम

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील लिथियमचा गुण प्रसिद्ध केल्यापासून हा साधा क्षार द्विध्रुवी विकाराच्या असंख्य रुग्णांचा आधार ठरला आहे. परंतु बरे वाटू लागले, गोळ्यांचा कंटाळा आला, म्हणून एखाद्याने तो परस्पर बंद केला आणि विकार उलटल्यावर कपाटातली तीच पट्टी पुन्हा काढली, तर पूर्वीचा गुण येईलच अशी हमी देता येत नाही. १९९२ साली अमेरिकेत रॉबर्ट पोस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा सुरू केल्यावर गुण न आलेल्या चार रुग्णांची नोंद केली. पुढील मोठ्या पाहण्यांत बहुतेकांना औषध पूर्ववत लागू पडल्याचे दिसले, म्हणजे हा अपवादच; पण ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याची उमेद खचते. प्रत्येक झटका मेंदूत आपला माग ठेवून पुढच्याची वाट सुकर करतो, असा पोस्ट यांचा तर्क होता. कित्येकदा मात्र उणीव मात्रेतच असते: रक्तातील लिथियमचे प्रमाण कोणी तपासलेलेच नसते. औषध सोडायचेच झाले, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावे; एकाएकी थांबविल्यास उन्माद फार लवकर उलटतो.