शाळेच्या पाच तासांचे काय?

लहान मुलाला मधुमेह झाला आहे, असे ऐकले की आपल्यापैकी अनेकांचा त्यावर विश्वास बसत नाही. ‘साखर’ हा उतारवयाचा आजार, अशी आपली पक्की समजूत. आपण स्वतः कित्येक वर्षे गोळ्या घेत असतो, पथ्य पाळत असतो. त्यामुळे या आजारातले आपल्याला सारे ठाऊक आहे, असेही वाटते. परंतु नातवंडाचा मधुमेह बहुधा आपल्या मधुमेहापेक्षा वेगळा असतो.

मुलांना मुख्यतः पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाण्याने होत नाही आणि पथ्याने किंवा काढ्याने बरा होत नाही. १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले, तेव्हा प्रथमच या मुलांच्या जगण्याची आशा निर्माण झाली. आजही इन्सुलिन हाच त्यांचा आधार आहे. ते एक दिवसही बंद करून चालत नाही.

निदान झाल्यावर आईवडील सारे शिकतात. बोटातून रक्ताचा थेंब घेणे, मात्रा मोजणे, रात्री उठून तपासणी करणे, हे घराच्या अंगवळणी पडते. मात्र दिवसाचे पाच-सहा तास मूल शाळेत असते आणि तेथे अनेकदा कोणालाच काही ठाऊक नसते.

साखर उतरते तेव्हा

शाळेतील सर्वांत तातडीचा धोका म्हणजे रक्तातील साखर एकाएकी कमी होणे. डबा अर्धवट राहिला, खेळाच्या तासाला धावपळ जास्त झाली, तर ती ७०च्या खाली जाऊ शकते. आपल्यापैकी ज्यांनी हा अनुभव घेतला आहे, त्यांना तो दरदरून सुटणारा घाम, हातांचा कंप आणि पोटातली कालवाकालव आठवत असेल. आपण निदान तसे सांगू तरी शकतो. बालवाडीतील तीन वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. ते चिडते, रडते, गप्प बसते किंवा पेंगते. बाईंना तो हट्ट वाटतो, मावशींना झोप वाटते. म्हणून लक्षणे ओळखणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असावा.

दुसरा धडा उपचाराचा. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच ग्लुकोज पावडर किंवा साखरेचे पाणी द्यावे. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर. बालवाडीतील मुलाला त्याहून कमी, डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेवढी. बिस्कीट वा चॉकलेट यासाठी उपयोगाचे नाही, कारण त्यातील साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर कमीच असेल तर पुन्हा द्यावी. या काळात मुलाला एकटे सोडू नये आणि एकट्याने घरी तर मुळीच पाठवू नये. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरा धडा साखर वाढल्याचा. सतत तहान लागणे व वारंवार लघवीला जाणे ही त्याची लक्षणे. अशा मुलाला पाणी पिण्यास किंवा स्वच्छतागृहात जाण्यास अडवू नये. उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास दिसल्यास पालकांना कळवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

कोणाला शिकवायचे?

केवळ वर्गशिक्षकांना शिकवून भागत नाही; ते रजेवर गेले की व्यवस्था कोलमडते. प्रत्येक शाळेत किमान दोघांना सारे यावे. शिवाय खेळाचे शिक्षक, शाळेच्या गाडीतील ताई, बालवाडीच्या मदतनीस यांना निदान लक्षणे व पहिला उपाय ठाऊक असावा. ‘आम्ही ही जबाबदारी कशी घेणार?’ असे शाळा विचारते, तेव्हा त्यामागे बहुधा भीती असते. इन्सुलिनची मात्रा ठरवणे हे शिक्षकांचे काम नाही, ते डॉक्टरांनी लेखी दिलेले असते, एवढे स्पष्ट केले की ती भीती बरीच ओसरते.

नियमांचा आधारही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ व पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. उत्तर प्रदेश सरकारने २०२३ मध्ये शाळांना वर्गात तपासणी, इन्सुलिन व मधल्या खाण्याची परवानगी देण्यास सांगितले.

आजी-आजोबांनो, आपण काय करावे?

नातवंडाला शाळेत सोडायला आणि आणायला अनेक घरांत आपणच जातो. त्यामुळे शाळेशी आपला परिचय असतो. त्याचा उपयोग करावा. वर्ष सुरू होतानाच मुलाच्या पालकांसह मुख्याध्यापकांना भेटावे. डॉक्टरांच्या सहीचा एक कागद द्यावा: तपासणीच्या वेळा, इन्सुलिनची मात्रा, साखर उतरल्यास काय द्यावे, फोन क्रमांक. एका डब्यात ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोज आणि थोडा खाऊ ठेवावा; तो कुलूपबंद कपाटात न ठेवता वर्गातच, हाताशी असावा. महिन्यातून एकदा त्यातील वस्तूंची मुदत पाहण्याचे काम आपण अंगावर घ्यावे.

आणखी एक विनंती. मुलाला ‘बिचारे’ म्हणू नका आणि आजार लपवू नका. ज्या शाळेला काही सांगितलेलेच नाही, ती वेळेवर धावून कशी येणार? योग्य काळजी घेतली, तर हे मूल सहलीला जाईल, स्नेहसंमेलनात नाचेल, कबड्डीही खेळेल. त्यासाठी त्याच्याजवळ जाणते मोठे माणूस हवे, घरी आणि शाळेतही.