एक अर्ज, एकच राज्य

पाटणकर बाजारातल्या बऱ्याच पाट्यांवर ‘पाटनकर’ लिहिलेलं असतं. ‘ण’चा ‘न’ झाला, कुणाचं काही अडलं नाही. फाळक्यांच्या नावाचा फालका बाजार आहे, तिथे ‘ळ’ गेला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ ठोकला म्हणून ग्वाल्हेरच्या या भागाचं नाव लष्कर. त्या तळाबरोबर आलेली आडनावं अशी एकेक अक्षर गाळत बाजारांना चिकटून राहिली. आम्ही काळे. भाचीच्या आधार कार्डावर हिंदीत ‘काले’ आहे. त्याचं काही नाही, बँकेचा अर्ज इंग्रजीत भरायचा असतो. अडलं भलतीकडेच.

भाची यंदा जीवाजी विद्यापीठाची बी. कॉम. झाली. तिला बँकांच्या भरतीची, म्हणजे आयबीपीएसची, क्लार्कची परीक्षा द्यायची होती. हल्ली त्या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात, काम काउंटरवरचंच. वय वीस ते अठ्ठावीस आणि कुठल्याही शाखेची पदवी, एवढ्यात बसणारी मुलं लष्करच्या गल्ल्यांमधून घरटी एक तरी निघतील. मोबाइलवरूनही अर्ज भरता येतो, पण कुणी भरत नाही. चूक झाली तर दुसऱ्याला विचारायची सोय हवी, म्हणून ऑनलाइनच्या दुकानात जायचं.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, मागे निळा पडदा, भिंतीवर वेगवेगळ्या भरत्यांच्या शेवटच्या तारखा पेननं लिहिलेल्या. पहिल्या फेरीत दुकानातल्या भैयानं अंकसूची आणि आधार शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचलं आणि कागद परत दिले. “नाम मैच नहीं कर रहा, बिटिया.” आधार काढताना आजोबांनी हट्टानं मधे वडिलांचं नाव घालायला लावलं होतं, आपल्याकडे तसंच लिहितात म्हणून. दहावीच्या अंकसूचीवर नुसतं नाव आणि आडनाव, कारण इकडे वडिलांच्या नावाला वेगळा रकाना असतो. परीक्षेच्या दारावर प्रवेशपत्र आणि ओळखपत्र ताडून बघतात, तिथे एक जास्तीचं नाव म्हणजे दुसरीच मुलगी. मग आधी आधार दुरुस्त झालं. आजोबा असते तर भांडले असते.

दुसऱ्या फेरीला मीही गेले. मला वाटलं होतं की अर्ज म्हणजे लिहिणं. इथे बहुतेक वेळ मोजण्यात जातो. फोटो वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस, अंगठा पुन्हा वीस ते पन्नास. सही काळ्या शाईनं, पांढऱ्या कागदावर, आणि कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. भाचीची सही स्कॅन केली तर सत्तावीस केबी. भैयानं कडा छाटल्या, बावीस. अजून छाटल्या, अठरा, पण ‘के’ची शेपटी गेली. तिनं परत सही केली, या वेळी आखडून, आणि पहिल्याच फटक्यात चौदा. “अब यही साइन याद रखना,” भैया म्हणाला. म्हणजे बँकेत लागली तर जन्मभर ती ही आखडलेली सही करणार.

अंगठ्याचं पॅड सुकलेलं होतं. त्यावर भैयानं पाण्याचे दोन थेंब टाकले, तर ठसा फुटला आणि रेषांचा नुसता डाग उमटला. मग अंगठा आधी रद्दी कागदावर टेकवून जास्तीची शाई काढायची आणि मगच खऱ्या कागदावर, न दाबता, अलगद लोळवायचा. चौथ्या ठशाला रेषा दिसल्या. शेवटी हातानं लिहायचं प्रतिज्ञापत्र: ठरलेला इंग्रजी मजकूर, उमेदवाराच्याच अक्षरात. भाची लिहीत होती तेव्हा दुकानात पाच मुलं रांगेत उभी होती, आणि शाळेत परीक्षेला बसल्यासारखी सगळी गप्प होती.

माझ्या वेळी हे काम बोलून व्हायचं. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि बदल्यात ग्वाल्हेरला काही मोठी दफ्तरं मिळाली. महालेखाकारांचं कार्यालय, म्हणजे आमचं ‘एजी ऑफिस’, त्यातलंच. आमच्या घरात नोकरी या शब्दाचा अर्थच एजी ऑफिस असा होता, नाहीतर बिर्लानगरची जे. सी. मिल. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं आणि बाबांनी संध्याकाळी कुणाकडे तरी चहाला जाऊन यायचं, असा माझा पहिला अर्ज झाला. कुणाला सोयीचं होतं ते उघड आहे. ज्याच्या बाबांना चहाला बोलावणारं कुणी नव्हतं त्याचं काय, हे तेव्हा आम्ही विचारलं नाही. केबी मोजणारं यंत्र निदान चहा पीत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र एका क्लिकला. क्लार्कच्या परीक्षेत उमेदवारानं एकाच राज्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि त्या राज्याची भाषा यायला लागते. यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे, त्यामुळे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र एकाखाली एक येतात. भैयाचा बाण ‘मध्य प्रदेश’वर गेलाच होता.

“थांबा भैया,” भाची मराठीतच म्हणाली.

तिचा हिशोब तिनं घरी मांडला होता. महाराष्ट्रात बँकांच्या शाखा जास्त, जागा बहुतेक वर्षी जास्त. मराठी तर आपण बोलूनच राहिलो. भावाला फोन लावला. तो म्हणाला, जागा पुण्यातच मिळेल असं कुणी सांगितलं, गडचिरोली मिळाली तर? ती म्हणाली, बाबा, इथेही झाबुआ मिळू शकतं. फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानं मला विचारलं, “ताई, हिला लिहिता येतं का गं?”

खरा प्रश्न तोच होता. दहावी-बारावीत ती भाषा शिकल्याचं अंकसूचीवर नसेल, तर निवड झाल्यावर, रुजू होण्याआधी, भाषेची चाचणी होते. ही शाळेत हिंदी शिकली. मराठी आजीकडून आली, तीही कानानं. लिहायची वेळ कधी आलीच नाही.

भैयानं घड्याळाकडे पाहिलं. भाचीनं स्वतः माउस घेतला आणि बाण एक घर खाली आणला. साडेआठशे रुपये फी गेली, दुकानाचे ऐंशी वेगळे. प्रिंटआउट घेऊन आम्ही बाड्याच्या चौकापर्यंत चालत गेलो. तिच्या डाव्या अंगठ्याची शाई पाणीपुरी खाऊनही निघाली नव्हती.

त्या रात्रीपासून जेवण झालं की अर्धा तास शुद्धलेखन. मी पेपरातला एखादा उतारा सांगते, ती लिहिते. ‘आणि’च्या जागी ‘आनी’ होतं, ‘शाळा’ची ‘शाला’ होते, ‘च’ नेमका कुठे लावायचा ते कळत नाही. परवा मी एक साधं वाक्य सांगितलं: तिला बँकेत नोकरी मिळाली. पेन अर्ध्यात थांबलं.

“आत्या, ‘मिळाली’त पहिला ‘ळ’ की दुसरा?”