नवा मंत्र रचताय? फायरबॉलशी बरोबरी करू नका

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये स्वतःचे मंत्र रचण्याची मजा काही औरच! पण तिसऱ्या पातळीचा मंत्र म्हटलं की बरेच नवे डीएम डोळे झाकून फायरबॉलइतकं, म्हणजे ८ डी ६ नुकसान देऊन टाकतात. पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं ‘डन्जन मास्टर्स गाइड’ उघडून बघा. अनेकांना एकदम लागणाऱ्या तिसऱ्या पातळीच्या मंत्रासाठी तिथे ६ डी ६ सुचवलेत. सरासरी २१. फायरबॉलची २८!

आता समोर २७ हिट पॉइंट्सचे चार बगबेअर उभे करा. सेव्ह हुकला, तर सरासरी फायरबॉलने चौघंही आडवे. ६ डी ६ मध्ये चौघंही उभे, आणि पुढची फेरी खऱ्या अर्थाने रंगते. लढवय्याच्या तलवारीलाही काम उरतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मंत्र अनेक फेऱ्या टिकणारा असेल तर त्याला कॉन्सन्ट्रेशन लावाच. जादूगाराला मार बसला की मंत्र तुटू शकतो, शिवाय असे दोन मंत्र एकावेळी चालत नाहीत.

आणि खेळाडूंना आधीच सांगून ठेवा: पहिली दोन-तीन सत्रं मंत्र कच्चा आहे, आकडे बदलतील.