विजय, जेजी-६२ आणि मुळांतले तास

पहाटे ५.३०
काचघरातल्या रोपांना हात लावला की बोटं आंबट होतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरत असतं. हीच ती आंब. गावाकडे भल्या पहाटे पिकावरून फडकं फिरवून ती दवासकट गोळा करतात आणि पोटाच्या तक्रारींवर देतात. झाडाच्या चयापचयाची ओळख करून द्यायची झाली, तर विद्यार्थ्यांना मी आधी इथे आणते.

कुंड्या दोन वाणांच्या आहेत. एक राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘विजय’, मर रोगापुढे टिकणारा. दुसरा ‘जेजी-६२’. तो मर रोगाला लगेच बळी पडतो, म्हणूनच तुलनेसाठी त्याला प्रयोगांत मुद्दाम घेतात.

सकाळी ६.००
रोपं अलगद उपटली, मुळं धुतली, टोकं किंचित छाटली आणि मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीच्या बीजाणूंच्या पाण्यात बुडवली. मिलिलिटरला दहा लाख बीजाणू. तितकीच रोपं साध्या पाण्यात.

साध्या पाण्यातल्या या रोपांवर माझा फार जीव आहे. उपटणं, धुणं, छाटणं हाही मुळांवर आघातच असतो आणि त्यालाही जनुकं उत्तर देतात. ही रोपं नसतील, तर कात्रीने केलेलं काम आपण बुरशीच्या खात्यावर मांडू. त्यात झाडाचं स्वतःचं घड्याळ आहे. साखर, स्टार्च, रंगद्रव्यं घडवणारी कितीतरी जनुकं निरोगी झाडातही दिवसाच्या वेळेप्रमाणे चढतात-उतरतात. म्हणून दर वेळी रोगट आणि निरोगी मुळं एकाच वेळेला तोडायची. या विषयातलं निम्मं शास्त्र या शिस्तीत आहे, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ९.३०
मागच्या खेपेची मुळं खलात. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओतत पीठ होईपर्यंत कुटायचं. आरएनए म्हणजे जनुकाने त्या क्षणी काढलेला हुकूम, आणि तो फार लवकर विरतो. हातमोज्याशिवायचं एक बोट पुरे.

दुपारी १२.००
सहा तासांचा नमुना. मुळं तोडून सरळ नायट्रोजनमध्ये.

एव्हाना आत काय चाललं असेल? बीजाणू अंकुरतायत, बुरशी मुळाच्या पृष्ठभागाला चिकटतेय. पुढे ती पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांपर्यंत जाईल. नलिका तुंबतात त्या बुरशीच्या धाग्यांनी, आणि झाडाने स्वतः घातलेल्या बांधांनीही. झाडाला बुरशी ओळखता आली की त्याचा सगळा कारभार बदलतो. वाढीचा खर्च आखडतो, साखर दुसरीकडे वळते. फेनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल एरवी प्रथिनांत जातं. ‘पाल’ नावाचं विकर त्याला संरक्षणाच्या वाटेवर ढकलतं. त्या वाटेच्या एका फाट्यावर लिग्निन बनून पेशीभित्ती कडक होते. दुसऱ्यावर चाल्कोन सिंथेज, मग आयसोफ्लेवोन, आणि शेवटी मेडिकार्पिन व माकियाइन, म्हणजे हरभऱ्याची बुरशीविरोधी अस्त्रं.

ही वाट दोन्ही वाणांत आहे. जेजी-६२ कडे पालचं जनुक नाही असं मुळीच नाही. बुरशी विजयच्या मुळातही शिरते, पण तिथे तिला हातपाय पसरता येत नाहीत. दोघांत फरक पडतो तो बराचसा हुकूम कधी सुटला आणि किती जोराने सुटला, यात.

दुपारी २.१५
विदर्भातून एका शेतकऱ्याचा फोन. “ताई, हरभरा हिरवा आहे आन् माना टाकतोय. पाणी कमी पडलं का?”

“दादा, एक झाड उपटा आणि खोडाचा खालचा भाग उभा चिरा. आत काय दिसतं?”

थोड्या वेळाने उत्तर आलं, “काळपट रेघ आहे मधोमध.”

ती मर. या झाडांना आता औषध नाही. ही बुरशी मातीत सहा वर्षं टिकू शकते, म्हणून त्या तुकड्यात लगेच पुन्हा हरभरा नको. पुढच्या वेळी प्रतिकारक वाण आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा, एवढं सांगितलं. असे फोन मी कधीच टाळत नाही. आलेखावरची प्रत्येक रेघ शेवटी त्या चिरलेल्या खोडातल्या रेघेसाठी आहे.

दुपारी ४.००
हुकुमाच्या प्रती मोजणाऱ्या क्यूपीसीआर यंत्रावर मागच्या खेपेचे नमुने. चाळीस आवर्तनं. दर आवर्तनाला प्रती दुप्पट होतात, म्हणजे एखादा नमुना तीन आवर्तनं आधी वर आला, तर त्यात हुकुमाच्या प्रती सुमारे आठपट होत्या. पण त्याआधी ज्याची पातळी सहसा हलत नाही अशा जनुकाशी ताडून पाहायचं. नाहीतर कुणी जास्त मूळ कुटलं एवढंच कळेल. पडद्यावर विजयची पालची रेघ आधी उचलली. विद्यार्थिनी खूश झाली. मी म्हटलं, “तिन्ही खेपा होऊ देत, मग.”

संध्याकाळी ६.००
बारा तासांचा नमुना. पुढचा उद्या सकाळी सहाला.

रात्री ८.३०
निघता निघता वाद रंगला. विद्यार्थिनीचं म्हणणं, शेतात बुरशी एकटी येत नाही. फेब्रुवारीनंतर ऊन चढतं, ओल तुटते आणि कोरडी मूळकूजही डोकं वर काढते. मग भरपूर पाणी दिलेल्या कुंडीतलं उत्तर शेतात लागू पडेल कसं? तिचं खरं आहे. तहानलेल्या मुळात अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि ते संरक्षणाच्या इतर संदेशांत ढवळाढवळ करतं. दोन ताणांची उत्तरं वेगवेगळी मोजून बेरीज केली, तर ती एकत्र ताणाच्या उत्तराशी जुळेलच असं नाही.

पुढच्या खेपेला चार गट ठरले: निरोगी, बुरशी, तहान, आणि बुरशी-तहान एकत्र. कुंड्या दुप्पट लागतील. काचघरातल्या मामांना जादा माती निर्जंतुक करायला उद्याच सांगायला हवं.